पाटकरी लंकेला गेला तेव्हा

भिशीच्या पैशातून तिकिटं काढली.
जखिणवाडीतली आम्ही एकोणीस माणसं,
पांढरी पातळं, पांढरे सदरे, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या,
आणि एकटे थोरवडे खाकी पँटीत.
तीस वर्षं खोडशीच्या कालव्यावर पाटकरी होते.
रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी
खाकीशिवाय परगावी जाववत नाही त्यांना.

अनुराधपुरात चपला काढल्या.
फरशी अशी तापलेली की वंदना म्हणता म्हणता
मी एकेक पाय उचलत होते, करकोच्यासारखी.
समोर स्तूप. एवढं पांढरं मी आधी
फक्त कारखान्याच्या गोदामात पाहिलं होतं.
निळी कमळं वाहिली. डोळे मिटले.
उघडले तर थोरवडे नाहीत.

सुगंधा धावली, गाईड धावला.
सापडले तळ्याच्या बांधावर, पालथे,
दगडी मोरीत डोकं घालून.
"अगं, ही करामत बघ," आतूनच म्हणाले,
"पाण्याचा जोर आधी या हौदात मोडायचा,
मग पाटात सोडायचं. दोन हजार वर्षांपूर्वी!
आमच्या साहेबाला मरेपर्यंत कळलं नाही हे."
गाईड म्हणाला, तळ्याला इथे वेव म्हणतात.
"वेव," थोरवड्यांनी तोंडात घोळवलं,
"वेव... बाव.
आपलीच की."

पोलोन्नरुवला निजलेला बुद्ध.
डोक्याखालची दगडाची उशी दबलेली,
खरीच, कापसाची दबते तशी.
मी रडले. सुगंधाने माझा फोटो काढला, मग तीही रडली.
थोरवडे गाईडला धरून विचारत होते,
त्या समुद्राएवढ्या तलावाचं टेल कुठं,
टेलच्या माणसाला पाळी मिळायची का.
गाईडने राजाचं वचन सांगितलं:
आभाळातला थेंबसुद्धा
माणसाच्या कामी न येता समुद्राला जाऊ द्यायचा नाही.
थोरवडे गप्प.
मग म्हणाले, "माणसाच्या म्हणजे, सगळ्या?"
गाईड हसला. त्याला प्रश्न कळला नाही.

मला कळला.
माझ्या सासूचं निम्मं आयुष्य
आडापासून चार हात लांब, घागर मांडून
उभं राहण्यात गेलं.
कुणी वरून ओतेल तेव्हा.
तिच्या पोरानं कालव्याच्या गेटची किल्ली
कमरेला लावली त्या दिवशी
ती खोडशीपर्यंत चालत गेली.
किल्ली हातात घेतली, वजन पाहिलं, परत दिली.
बोलली काहीच नाही.

बोधिवृक्षाचं पान तोडायचं नसतं,
गळेल तेव्हा घ्यायचं. मी दीड तास थांबले.
एक आलं. पासबुकात ठेवलंय,
शिल्लक रकमेच्या पानावर.

थोरवड्यांनी बाटलीत तळ्याचं पाणी भरून घेतलं.
विमानतळावरची पोरगी खुणेनं म्हणाली, फेका.
"टाकायचं नसतं पाणी," मराठीतच बजावलं तिला
आणि रांग खोळंबवून सगळी बाटली
घटाघटा.
वाशीपासून कराडपर्यंत गाडी सहा वेळा थांबवावी लागली.

परवा वैशाखी पौर्णिमेला आगाशिवाचा डोंगर चढलो.
आमची लेणी. चुना नाही, सोनं नाही,
तिकीट नाही, चपला कुठेही काढा.
भिक्खूंच्या खोल्यांत वटवाघळं,
भिंतीवर कुणाच्या तरी प्रेमाची खडूतली बेरीज.
मी पान कपाळाला लावून दगडी ओट्यावर बसले.
आत गार होतं. गुडघा दुखायचा थांबला.
थोरवडे बाहेर, पोढीवर वाकलेले,
काडी बुडवून खोली मोजत.
"दोन वीत आहे अजून!" ओरडले,
"ऐन वैशाखात!"

मग दोन्ही हातांची ओंजळ करून
पायऱ्या चढत माझ्याकडे आले, जपून,
लग्नात अक्षता धरल्यासारखे.
निम्मं वाटेतच सांडलं होतं.
त्याचा हिशेब त्यांनी केला नाही.